रोवण्याचा दुसरा अर्थ

भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा मी मोहाडीकडच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. वाटणी म्हटली की कटकट आलीच. फायली, जीपगाड्या, पंखे, लोखंडी कपाटं, सगळं इकडचं तिकडे झालं. आमच्याकडे शरीररचना शिकवायचा एक प्लॅस्टिकचा पुतळा होता, कमरेत उघडून दोन तुकडे होणारा. सामान कोणी कसं बांधलं कोण जाणे, पण नव्या जिल्ह्याच्या ट्रकमध्ये पुतळ्याचा खालचा भाग गेला आणि वरचा आमच्याकडे राहिला. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की वस्तूंचं वाटप नोंदीप्रमाणे बरोबर झालेलं आहे. पुढची कितीतरी वर्षं आमच्या जिल्ह्यात माणसाला डोकं, छाती आणि पोट होतं, त्याखाली काही नव्हतं. कोणाला ते खटकलं नाही. बऱ्याच जणांना उलट बरंच वाटलं असावं.

मी आयुष्यभर जे काम केलं ते त्या ट्रकमधून गेलेल्या अर्ध्या भागाचं. सुरुवात एका जोडप्यानं झाली. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. बाईच्या पिशवीत तीन शहरांतले रिपोर्ट, चार ताईत आणि कुठल्याशा वैद्याच्या काळ्या गोळ्या. तपासण्या सगळ्या तिच्याच. नवऱ्याची एकही नाही, कारण त्याला मिशा होत्या. मी दोघांना समोर बसवून एक साधा प्रश्न विचारला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की मूल होण्यासाठी जे करावं लागतं ते यांना कोणी सांगितलेलंच नाही. इंजेक्शनं सांगितली, उपास सांगितले, डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, मूळ गोष्ट तेवढी राहून गेली. मी कागदावर चित्र काढून अर्धा तास समजावलं. वर्षाभरानं ते पेढे घेऊन आले. पेढे देताना नवरा भिंतीकडे बघत म्हणाला की मॅडम, तुमचं औषध लागू पडलं. औषध मी दिलंच नव्हतं.

त्या पेढ्यांनी माझं डोकं फिरलं. मी रजा टाकली, मुंबईला जाऊन लैंगिक समस्यांवरच्या उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं, परत येऊन नोकरी सोडली आणि भंडाऱ्यात एक खोली भाड्यानं घेतली. घरी सुतक पडल्यासारखं झालं. माझे वडील शाळामास्तर. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकायला कोणी कोणाला अडवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी जेवताना वडील म्हणाले, शिका म्हणून सांगतलं होतं बाई, पण हेच शिका असं कोणी नव्हतं सांगतलं. आई शेजारपाजारी सांगत सुटली की आमची पोरगी मेंदूची डॉक्टर आहे. तसं बघितलं तर ती खोटं बोलत नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा आजार तिथंच होता.

खोलीवर मी 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली. पहिले चार जण शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण घेऊन आले आणि पाचवा बँकेचं कर्ज मिळेल का विचारायला. मग हळूहळू बातमी पसरली आणि खरे पेशंट यायला लागले, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळाच गाव दुपट्टा गुंडाळून फिरतो, नुसते डोळे तेवढे उघडे. त्यामुळे मे महिना हा माझा सीझन. बाहेर जीव जाईल असं ऊन आणि आत बाकावर आठ-दहा दुपट्टे रांगेनं बसलेले, कोण कोणाचा मेहुणा ते कोणालाच कळत नाही. प्रत्येक जण मित्राचा आजार सांगायला आलेला. काही जणांचे मित्र तर इतके आजारी की मीच म्हणायचे, अहो, मित्राला जरा पँट सैल शिवायला सांगा. पावसाळ्यात मात्र पंचाईत. एक जण भर पावसात दुपट्टा बांधून आला आणि पायरीवरच घसरून पडला. उचलायला गेलेल्यानं सवयीनं आधी त्याचा दुपट्टा सोडला, तर तो निघाला त्याचा सख्खा चुलता.

आता शब्दांचं सांगते, कारण सगळी रड तिथंच आहे. आमच्या धानाच्या, म्हणजे भाताच्या, मुलखात धानाला शब्द किती बघा. बी टाकून उगवलेली रोपं म्हणजे पऱ्हे. ते उपटून चिखलात लावले की रोवणा. धुरा घालून पाणी अडवलेलं शेत म्हणजे बांधी. आणि नवरा-बायकोत जे होतं त्याला? एक शब्द शिवीतला आणि एक संस्कृतातला. मधे काही नाही. शिवीतला सगळ्यांना येतो पण बोलता येत नाही, संस्कृतातला बोलता येतो पण कोणाला कळत नाही. मी खोलीत बसून चित्रं काढत होते तोवर माझं भागत होतं. पण मला रेडिओवर बोलावलं गेलं, आणि रेडिओवर चित्र काढता येत नाही.

त्या वर्षांत आमच्या भागात एक लहानसं रेडिओ केंद्र चालायचं. तिथले केंद्रप्रमुख म्हणजे अतिशय सभ्य माणूस. इतका सभ्य की 'गर्भ' हा शब्द उच्चारायच्या आधी दार लावून घ्यायचा. वरून कुठून तरी फर्मान आलं होतं की कुटुंबाच्या आरोग्यावर कार्यक्रम करा, आणि जिल्ह्यात हा धंदा करणारी मी एकटी. मी पहिला मजकूर लिहून नेला. साहेबांनी लाल पेन काढलं. पहिल्या पानावर त्यांनी इतके शब्द खोडले की उरलेलं वाचून असं वाटावं, नवरा-बायको एकमेकांना नुसते नमस्कार करतात आणि नऊ महिन्यांनी पाळणा हलतो. मी म्हटलं, साहेब, हे ऐकून लोकांना काय कळेल? ते म्हणाले, न कळणं चालते मॅडम, तक्रार आली तं नाही चालत.

मग त्यांनीच तोड काढली. आपला धानाचा जिल्हा, लोकायले धानाचं बरोबर समजते, तं धानाच्या शब्दांत सांगा. बाई म्हणजे बांधी, नवरा म्हणजे मालक, आणि ते म्हणजे रोवणा. मी उसळले. बाई म्हणजे काय जमीन आहे, आणि नवरा तिचा मालक कधीपासून, म्हणून बरंच सुनावलं. साहेब शांतपणे ऐकून घेत होते आणि पेनाचं टोपण लावत होते. माझं बोलून झालं तेव्हा ते म्हणाले की ठीक आहे, नसेल जमत तर त्या वेळेत भजनं लावू.

आणि मी कबूल झाले. खोटं कशाला सांगू? मला तो माईक हवा होता. स्टुडिओत कानाला हेडफोन लावून आपला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अशी फुगले होते की त्या दिवशी कोणी मला गवताच्या भाषेत बोल म्हटलं असतं तरी मी बोलले असते. मनाची समजूत काढली की निदान काहीतरी पोचेल.

कार्यक्रम असा चालला की विचारू नका. शनिवारी दुपारी माझी वेळ झाली की मोहाडीत हातमागाची खटखट थांबायची. बिड्या वळणाऱ्या बायका रेडिओ मधे ठेवून गोल बसायच्या आणि कोणी लहान पोर जवळ आलं की त्याला उगाच मीठ आणायला पिटाळायच्या. मी म्हणायचे, मालकानं घाई करू नये, आधी बांधीत पाणी येऊ द्यावं. तिकडे पानठेल्यावर हशा. पण हसता हसता लोक समजून घेत होते, पत्रं लिहीत होते, ढीगभर पत्रं, तीसुद्धा माझ्याच भाषेत. एका म्हाताऱ्यानं विचारलं की वय झाल्यावर रोवणा करावा का, तर मी दहा मिनिटं प्रेमानं उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात त्याचं रागाचं पत्र आलं. त्याला खरोखरच्या धानाबद्दल विचारायचं होतं, गुडघे दुखत होते म्हणून.

घोळ इथं होता. माझ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेतीचा कार्यक्रम असायचा. त्यात एक निवृत्त कृषी अधिकारी बोलायचे, धानवाले साहेब म्हणून लोक त्यांना ओळखत. आवाज भरदार, शंका कशाचीच नाही. माझ्यामुळे त्या बिचाऱ्यांची पार दैना झाली. ते गंभीरपणे सांगायचे की यंदा रोवणा लवकर उरकून घ्या, आणि अख्खा जिल्हा खी खी करायचा. सगळ्या जिल्ह्याला आता दोन्ही कार्यक्रम एकाच विषयाचे वाटत होते. फक्त धानवाल्या साहेबांना आणि केंद्रातल्या बडे बाबूंना हे माहीत नव्हतं. बडे बाबू टपालाची वाटणी करायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. पत्रात 'डॉक्टर' शब्द असला की ते पत्र चिमटीत धरून माझ्या खणात टाकायचं, पुढे वाचायचं नाही, अंघोळ करून आलेले असत ना. आणि 'डॉक्टर' नसून बांधी, पाणी, रोवणा असलं की धानवाल्या साहेबांकडे.

एक दिवस दुपारी एक बाई माझ्या खोलीत आली. एकटी. पंचविशीच्या आतबाहेरची, तुमसरच्या एसटीतून उतरून चालत आलेली. बाकावर सहा दुपट्टे बसले होते आणि ही उघड्या तोंडानं त्यांच्या समोर येऊन बसली. सहाही जण भिंतीकडे वळले. आत आल्यावर मी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमीच सांगतलं ना रेडिओवर, दुसरी करा म्हणून?"

मला काही समजेना. मी असं कधी बोललेच नव्हते. मग तिनं सगळं सांगितलं, न रडता. नाकाडोंगरीजवळच्या एका गावात तिला दिलेली. नवरा खाणीत कामाला. लग्नाला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांत नवऱ्यानं तिला हात लावला नव्हता. मारत नव्हता, दारू पीत नव्हता, बाजारातून न विसरता जिलेबी आणत होता, फक्त पाठ करून झोपत होता. मूल नाही म्हणून सासू हिला वांझ म्हणत होती, हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं होतं, धाकट्या जावेच्या बाळंतपणात हिला खोलीत पाय ठेवू दिला नव्हता. हिनं कोणाला सांगावं? आणि कोणत्या शब्दांत? दहावी शिकलेली होती. माझा कार्यक्रम ऐकून तिला शब्द सापडले. तिनं रेडिओला पत्र लिहिलं. पत्र तिला पाठ होतं, तिनं मला ते म्हणून दाखवलं. माझी बांधी तीन वर्षांपासून पडीत आहे. बांधीत दोष नाही. मालक धुऱ्यावरूनच परत जातो. रोवणाच झालेला नाही. घरचे म्हणतात बांधी खराब. मी काय करू?

कसं नेमकं पत्र. माझ्या कार्यक्रमाला आलेलं सगळ्यांत शहाणं पत्र, आणि ते माझ्यापर्यंत आलंच नाही. त्यात 'डॉक्टर' हा शब्द नव्हता. बडे बाबूंनी ते धानवाल्या साहेबांना दिलं, आणि साहेबांनी ते रेडिओवर वाचलं. नाकाडोंगरीकडच्या एका भगिनीनं विचारलं आहे, अशी सुरुवात करून. मग आपल्या भरदार आवाजात उत्तर दिलं की तीन वर्षं पडीत राहिलेल्या बांधीत मालकानं आता जीव घालू नये, ती सोडून द्यावी आणि दुसरी करावी.

ज्यांना आमच्या बोलण्यातली खोच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधी करणं म्हणजे ती कसणं, आणि 'दुसरी करणं' म्हणजे घरात एक बायको असताना आणखी एक आणणं. साहेब पहिल्या अर्थानं बोलले. सासूनं दुसऱ्या अर्थानं ऐकलं. ती तेव्हा अंगणात चार बायकांसोबत बिड्या वळत होती. गाव ओळखलं, तीन वर्षं ओळखली, पत्र कोणी लिहिलं तेही ओळखलं. आधी सुनेला घरातलं रेडिओवर नेलं म्हणून झोडपून काढलं, आणि मग शांतपणे कामाला लागली. कारण आता तर रेडिओनंच सांगितलं होतं. लाखनीकडची एक मुलगी बघितली, सोयरीक जमवली. येत्या सोमवारी सुपारी फुटणार होती. हिला कायमचं माहेरी पाठवायचं ठरलं होतं.

मी म्हटलं, हा गुन्हा आहे, पोलिसात जाऊ. ती म्हणाली की पोलीस सुपारी थांबवतील, पण गाव तिला वांझ म्हणायचं थांबेल का? तिला दुसरं काही नको होतं. रेडिओनं म्हटलं आहे की बांधी सोडून द्या, तर आता रेडिओनंच म्हणावं की बांधीत दोष नाही. एवढं माझं करा, म्हणाली. आणि त्या लाखनीच्या पोरीचंही बघा, तिच्या नशिबी तेच येणार.

तो दिवस गुरुवार होता. मी तडक केंद्रावर गेले. केंद्रप्रमुख साहेबांनी आधी दार लावलं. सगळं ऐकल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं, खोटं नाही सांगत, त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की पण चूक कोणाची दुरुस्त करायची? शेतीचा सल्ला तर बरोबर आहे. धानवाल्या साहेबांना आणि बडे बाबूंना बोलावलं. त्यांना पत्राचा खरा अर्थ सांगायचं काम माझ्यावर आलं. ते आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग भांडायला उठले. म्हणाले, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कोणी माझ्या सल्ल्याले चूक म्हटलं नाही, पडीत बांधीबद्दल मी आजही हेच सांगीन. मी म्हटलं, अहो, बांधी नाही हो ती. ते म्हणाले, पत्रात तं बांधीच लिहिलं आहे. बडे बाबूंनी मान डोलावली. साक्षीपुराव्यात ते तिघे जिंकत होते आणि मी हरत होते.

शेवटी ठरलं की शनिवारी माझा कार्यक्रम थेट जातो, त्यात मी दोन वाक्यं बोलावीत. केंद्रप्रमुखांनी ती स्वतः लिहून दिली. त्या बांधीची पुन्हा तपासणी करण्यास हरकत नाही, मालकाने अनुभवी शेतकऱ्याचा सल्ला घ्यावा. मी तो कागद वाचला आणि मला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. अनुभवी शेतकऱ्याचा सल्ला. म्हणजे आता सासू गावातला आणखी एखादा अनुभवी पुरुष शोधायला निघाली असती.

शनिवारी मी माईकसमोर बसले तेव्हा तो कागद माझ्या समोर होता आणि साहेब काचेपलीकडे उभे होते. मी म्हटलं, आज मी धानाबद्दल बोलणार नाही. इतके दिवस मी तुमच्याशी आडून बोलले, त्यात एका घराचं वाटोळं होऊ घातलं आहे. मग मी सरळ बोलले. लिंग म्हटलं, योनी म्हटलं, शरीरसंबंध म्हटलं, आणि प्रत्येकाचा अर्थ साध्या बोलीत सांगितला. सांगितलं की संबंधच झाला नसेल तर मूल होणार नाही, आणि त्यात बाईचा काडीचा दोष नाही. कोण्या पुरुषाला ते जमत नसेल तर तोही वाईट नाही, नामर्द नाही, भीतीनं असं होतं, आणि यावर उपचार आहे. पण दुसरी आणली तर तीसुद्धा तशीच राहील, आणि मग तिसरी आणाल का? गावाचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. साहेब काचेपलीकडून हात हलवत होते, आधी जोरात, मग हळू, मग त्यांनी खुर्ची ओढली आणि ते पाठ करून बसले. कार्यक्रम मात्र त्यांनी तोडला नाही. का नाही तोडला, मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या वेळेत भजनं लागली. तांत्रिक कारणामुळे, असं सांगण्यात आलं. चार जणांनी माझ्याविरुद्ध निवेदन दिलं, त्यातले दोघे माझे पेशंट होते. त्यांच्या सह्या मी ओळखल्या. धानवाल्या साहेबांचा कार्यक्रम सुरूच राहिला, फक्त त्यांनी 'रोवणा' म्हणायचं सोडलं आणि ते 'पुनर्लागवड' म्हणू लागले. लोकांना वाटलं हा आणखी काहीतरी नवा प्रकार असेल, आणि त्यांचे श्रोते वाढले.

इकडे माझ्या त्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी सुपारी फुटली नाही. लाखनीच्या पोरीच्या बापाचं हायवेवर टायरचं दुकान होतं आणि दुकानात रेडिओ होता. त्यानं निरोप पाठवला की आमाले सोयरीक करायची नाई. सासू बुधवारी माझ्या खोलीत आली आणि बाकावरच्या सगळ्या दुपट्ट्यांसमोर तिनं मला अशा शिव्या घातल्या की इतकी वर्षं मी शोधत होते ते सगळे शब्द तिच्याकडे तयार होते. मी ऐकून घेतलं. तिलाही कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं.

नवरा त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. तोही दुपट्ट्याशिवाय, कारण आता लपवायचं काय राहिलं होतं? खाणीतल्या मातीनं नखं काळी झालेला, धिप्पाड गडी, आणि खुर्चीत असा बसला की कोणी उठवलं तर लगेच उठता यावं.  मग म्हणाला की पहिल्या दिवशी जमलं नाही. दोस्तांनी लग्नाआधी इतकं काय काय सांगून ठेवलं होतं की त्याला वाटलं आपल्यातच काहीतरी खोट आहे. दुसऱ्या दिवशी भेव वाटलं. मग त्या भेवाचंच भेव. तिनं विचारू नये म्हणून तो पाठ करून झोपायला लागला, आणि तिला वांझ म्हणताना ऐकूनही गप्प राहिला, कारण तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. एवढं सांगून तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. त्याच्या शरीरात काही दोष नव्हता. उपचार फार साधा आहे, वेळ लागतो तेवढाच. पण त्याला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस तोवर माहेरी निघून गेलं होतं.

तिचा निरोप आला. येते, पण ज्यांच्यासमोर मला वांझ म्हटलं त्यांच्यासमोर त्यानं खरं सांगावं. मॅडमनीही यावं.

त्यांच्या गावच्या समाजमंदिरात बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून. म्हाताऱ्यांनी सुरुवात केली की झालं गेलं जाऊ द्या, पोरगी घरी न्या, कायले उगीच वाढवता. ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तो उभा राहिला. मी इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी साहेबांशी भांडले, त्यातला एकही त्याच्याकडे नव्हता. शिवीतला नाही, संस्कृतातला नाही, धानातलाही नाही. 

"तिच्यात काई नाई," तो म्हणाला. "माह्याच्यानं होत नव्हतं."

कोणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं. सासूनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हाताऱ्यांनी चहा सांगितला, आणि माणसं एकदम यंदाच्या पाण्यापावसाबद्दल बोलायला लागली.

चहा आला तेव्हा ती दोन कप घेऊन माझ्याजवळ आली. एक माझ्या हातात दिला. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच विचारायचं होतं.

"याले कोणी सांगतलं नव्हतं," ती म्हणाली. "सासूले मालूम नव्हतं. त्या धानवाल्या साहेबाले तं काईच मालूम नव्हतं. तुमाले मालूम होते ना मॅडम, शब्द?"

मी हो म्हणाले.

"मंग आधीच काहून नाई बोलल्या?"

कार्यक्रम, साहेब, लाल पेन, भजनं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. ते सांगून काय उपयोग होता? जे खरं होतं ते तिच्याच बोलीत बाहेर पडलं.

"भ्याली," मी म्हटलं.

 मग सतरंजीच्या टोकाला एकट्याच बसलेल्या नवऱ्याकडे तिनं मान वळवली.

"तो बी भ्यालाच तं होता," ती म्हणाली, आणि दुसरा कप घेऊन त्याच्याकडे गेली.